अननोन डिव्हाइस: मित्रास पत्र

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

शाळेला मिळालेल्या जुन्या डेल लॅटिट्यूड लॅपटॉपचे तू पाठवलेले फोटो नीट पाहिले. नवं विंडोज टाकल्यावर डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे मशीनच्या भागांच्या यादीत, पिवळी उद्गारचिन्हं दिसतातच, त्यात मशीन बिघडल्याचं काही नाही. त्या भागांचे ड्रायव्हर, म्हणजे त्यांना चालवणारे छोटे प्रोग्राम, तेवढे टाकायचे राहिलेले असतात. पण सगळे ड्रायव्हर एका झटक्यात टाकून देणारं, तू म्हणतोस ते सॉफ्टवेअर मुलांच्या मशीनवर चढवू नकोस. त्यातून नको ते आत शिरतं. विंडोजला ओळख पटली नाही तरी प्रत्येक भाग आपला क्रमांक सांगत असतो, तो वाचायचा आणि त्यावरून ड्रायव्हर शोधायचा.

पिवळ्या नोंदीवर राइट क्लिक कर, प्रॉपर्टीजमध्ये डिटेल्स उघड आणि यादीतून हार्डवेअर आयडी निवड. ‘पीसीआय’पासून सुरू होणारी लांबलचक ओळ दिसेल. तीत व्ही-ई-एन या अक्षरांपुढचा चार अंकी-अक्षरी क्रमांक चिप बनवणाऱ्या कंपनीचा आणि डी-ई-व्हीपुढचा त्या चिपचा. १०ईसी म्हणजे रिअलटेक, १४ई४ म्हणजे ब्रॉडकॉम, १०डीई म्हणजे एनव्हिडिया. इंटेलचा क्रमांक ८०८६. १९७८ साली आलेल्या त्यांच्या प्रोसेसरचं नावच त्यांनी ओळख म्हणून घेतलंय, हे मला फार आवडतं. यूएसबीवरच्या वस्तूंना असेच व्हीआयडी आणि पीआयडी असतात.

तुझ्या फोटोतला ‘पीसीआय सिंपल कम्युनिकेशन्स कंट्रोलर’ पाहून लोक मोडेम शोधत बसतात. इंटेलच्या मशीनमध्ये तो बहुतेक वेळा मॅनेजमेंट इंजिन, म्हणजे चिपमध्येच बसवलेला इंटेलचा छोटा स्वतंत्र संगणक, असतो. ‘एसएम बस कंट्रोलर’ला चिपसेटचा, म्हणजे मदरबोर्डवरच्या मुख्य चिपचा, ड्रायव्हर लागतो. म्हणून लॅपटॉपच्या खालचा सर्व्हिस टॅग, म्हणजे त्या मशीनचा खास क्रमांक, डेलच्या साइटवर टाक आणि चिपसेटचा ड्रायव्हर आधी घाल. त्यानं काही खुणा लगेच जातील. वायफायच चालत नसेल तर मोबाइल यूएसबी केबलनं जोडून टेदरिंग सुरू कर, म्हणजे मोबाइलचं इंटरनेट लॅपटॉपला मिळेल.

शेवटी उरलेलं ते ‘अननोन डिव्हाइस’ मात्र खास आहे. त्याच्या ओळीत वरच्यासारखा चार अंकी-अक्षरी कंपनीचा क्रमांक नाही, ती ‘एसीपीआय’नं सुरू होते आणि पुढे एसएमओ८८०० आहे. हा लॅपटॉप पडतोय हे ओळखणारा सेन्सर! मशीन हातातून सुटलं की ते जमिनीवर आदळण्याआधी हार्ड डिस्कचं वाचणारं-लिहिणारं हेड बाजूला घेतलं जावं, म्हणजे डेटा वाचेल, यासाठी तो बसवलेला. शाळेत लॅपटॉप पडणारच, तेव्हा फिरती डिस्क असलेल्या मशीनवर त्याचा ड्रायव्हर आवर्जून टाक. एसएसडी असेल तर त्याचं फारसं काम नाही, कारण तिच्यात फिरणारं काहीच नसतं. एवढ्या विचारानं बसवलेली वस्तू ‘अननोन’ म्हणून पडून राहावी, हे मला बघवत नाही.

काही अडलंच तर लिनक्सचा पेनड्राइव्ह लावून मशीन त्यावरून चालू कर, विंडोजला धक्का लागत नाही. टर्मिनलमध्ये ‘एलएसपीसीआय’ ही आज्ञा इंग्रजी अक्षरांत दे आणि जागा सोडून उणे चिन्ह आणि त्याला लागून दोनदा ‘एन’ लिही. नावं आणि क्रमांक शेजारी शेजारी येतील. या नावांची यादी चेक प्रोग्रामर मार्टिन मारेश यांनी सुरू केली आणि जगभरच्या लोकांनी तीत भर घातली. तुझ्या आठवी-नववीच्या पोरांना हे स्वतः करू दे, तू नुसता शेजारी उभा राहा.

तरीही एखादा क्रमांक जुळला नाही तर पूर्ण ओळीचा फोटो पाठव, अर्धवट नको. वहिनींना नमस्कार सांग.

तुझाच,
मित्र