इंजेक्टरला हात लावायच्या आधी

कोल्हापूर, मंगळवार रात्र

चि. छकुलीस,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर म्हणालीस, "पप्पा, तुम्ही करत होता तसं मीच एकेक पाइप ढिला करून बघतो, कुठला इंजेक्टर गेलाय ते." आई हसली. चाकणला नोकरी लागून सहा वर्षं झाली, तरी कोल्हापूरची पोरगी अजून 'बघतो'च म्हणते. मला मात्र हसू आलं नाही. फोन ठेवल्यावर झोप लागेना, म्हणून लिहायला बसलोय. फोनवर तू मधेच बोलतीस, कागदावर तेवढं जमणार नाही तुला.

तुझ्या गाडीचं इंजिन चालू असताना इंजेक्टरला डिझेल नेणाऱ्या एकाही पाइपच्या नटाला पाना लावायचा नाही. बंद केल्याकेल्याही नाही.

उद्यमनगरच्या शेडात पायरीवर बसून तू जे बघितलंस ते जुन्या पंपाचं काम होतं. त्यात प्रत्येक सिलिंडरला पंप वेगळा दाब द्यायचा. आमच्याकडं यायच्या त्या बहुतेक नोझलांना, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरच्या टोकांना, दोनशे बारच्या आसपास दाब आला की आतली स्प्रिंग दबायची, सुई उचलायची, फवारा मारायची आणि बसायची. चालू इंजिनावर नट ढिला केला आणि आवाज बदलला, तर ते सिलिंडर काम करत होतं. आवाज तसाच राहिला, तर तिथलं नोझल गेलं. अर्ध्या मिनिटाचं निदान. तेही तसं धोक्याचंच होतं, पण आम्ही केलं.

तुझी गाडी कॉमन रेलची. तिथं एकच पंप एका जाड नळीत, म्हणजे रेलमध्ये, डिझेल ठासून भरतो आणि ते सोळाशे बार, काही गाड्यांत त्याहून जास्त दाबानं तिथं वाट बघत उभं असतं. नखाएवढ्या जागेवर दीड टन धर. नट सैल झाला की जी चीळ उडते ती दिसतसुद्धा नाही आणि कातडीतून सुईसारखी आत शिरते.

हे ऐकीव सांगत नाही. आमच्या शेडातल्या एकानं टेस्टरवर नोझल तपासताना फवाऱ्यापुढं बोट धरलं होतं. जुनंच नोझल, दाब तुझ्या गाडीच्या आठव्या हिश्शाचा. बोटावर टाचणी टोचल्यासारखा ठिपका, रक्त नाही, काही नाही. चहा घेऊन तो परत कामाला लागला. रात्री हात कोपरापर्यंत सुजला. डिझेल आत शिरून मांस सडायला लागलेलं. बोटाचं दीड पेर गेलं. असं कधी झालंच, तर ठिपका केवढा ते बघत बसायचं नाही, त्या तासाला दवाखाना गाठायचा आणि दाबाचं डिझेल आत गेलंय असं स्पष्ट सांगायचं.

आता तुझ्या गाडीचं. सकाळी स्टार्टर लांबतो, थंड असताना ठोका येतो, खंबाटकी चढताना मागं काळा धूर. गॅरेजवाला न तपासताच चारही इंजेक्टर बदला म्हणाला. बदलावे लागतीलही, पण मोजल्याशिवाय चाराचे पैसे द्यायचे नाहीत. इंजेक्टरमधलं उरलेलं डिझेल टाकीकडं नेणारी परतीची बारीक नळी असते. त्या चारही नळ्या चार सारख्या बाटल्यांत सोडायच्या आणि इंजिन थोडा वेळ चालवायचं. आमचे पंपवाले, म्हणजे डिझेलचे पंप-इंजेक्टर दुरुस्त करणारे, त्याला सलाइनच्या नळ्या वापरतात. ज्याची बाटली लवकर भरते, त्याचा आतला व्हॉल्व्ह झिजलाय. दाब तिथून गळतोय, म्हणून सकाळी रेल भरायला वेळ लागतो. ही परतीची नळी कमी दाबाची असते, तरी तेही पंपवाल्याकडूनच करून घ्यायचं.

त्याच्याही आधी डिझेल फिल्टर कापून उन्हात बघायला सांग. आत चांदीसारखी चमक दिसली तर दाब देणारा मोठा पंपच आतून झिजतोय. मग नवे इंजेक्टर बसवणं म्हणजे गाळलेलं पाणी शेवाळलेल्या रांजणात ओतणं. पंप, टाकी, नळ्या आधी. आणि डिझेलातलं पाणी. 2019 च्या महापुरानंतर चिखली-आंबेवाडीकडचे ट्रॅक्टर आमच्याकडं आले होते, टाकीत अर्धं डिझेल, अर्धी पंचगंगा. लोक म्हणायचे, डिझेल बदललं, आता चालेल. सुया गंजून जागीच धरलेल्या. सुई आणि तिचं घर यांच्यात दोन-तीन मायक्रॉनची फट असते, तिथं डिझेल हेच वंगण. एका जोडीतली सुई दुसरीत चालत नाही. आम्ही धुताना चार वाट्या वेगळ्या ठेवायचो, तू एकदा चारही सुया एकाच वाटीत घातल्या होत्यास. आठवतंय? नसेल आठवत, मार मी खाल्ला होता मालकाचा.

इंजेक्टर बदलताना माझं लक्ष तीन जागी असतं. खालचा तांब्याचा वॉशर प्रत्येक वेळी नवा हवा. जुना कधीकधी खालीच चिकटून राहतो, वर नवा बसतो, मग इंजेक्टर उंच राहतो आणि बाजूनं सिलिंडरमधली दाबलेली हवा फुसफुसते. काही महिन्यांत तिथं डांबरासारखा काळा थर चढतो. दुसरं, भोक साफ करताना कार्बन सिलिंडरमध्ये पडू द्यायचा नाही. आणि अडकलेला इंजेक्टर पान्यानं पिळायचा नाही. रात्रभर तेल सोडायचं आणि सकाळी ओढणीच्या हत्यारानं सरळ काढायचा. आमच्या वेळी एवढं केलं की पाइपातली एअर काढायची आणि इंजिन सुरू. तुझ्या गाडीत इंजेक्टरच्या अंगावर कोड असतो, तो स्कॅनरनं गाडीच्या कॉम्प्युटरला सांगावा लागतो. प्रत्येक इंजेक्टर थेंबभर कमी-जास्त फवारतो, ते त्या कोडात असतं. न सांगता बसवला तर नवा इंजेक्टरही ठोका देतो आणि गिऱ्हाइकाला वाटतं माल खोटा. हे मला पन्नाशीनंतर शिकावं लागलं, एका पंचविशीच्या पोराकडून. स्कॅनर अजून त्यालाच धरायला लावतो.

एकच गेला असेल तर एक बदलायचा की चार? गाडी दीड लाख किलोमीटरच्या पुढं गेलीय. बाकी तिघांचं माप टेस्टरवर बरोबर आलं तर मी एकच बदलीन. लोक मला कंजूष म्हणतील, म्हणू देत.

शनिवारी ये. घाटात ओढू नकोस, किणीच्या टोलनाक्यावर थांबून फोन कर. गाडी अंगणात चढावर नको, सपाटीवर लाव. आणि रविवारी सकाळी मी उठेपर्यंत चावी फिरवायची नाही. थंड इंजिनाचा पहिला आवाज मला ऐकायचाय.

तुझे,
पप्पा

ता.क. आई म्हणते, मागचे दोन डबे परत आण.