चाचा, बॅटरी आता उकळत नाही

चाचा,

सलाम आणि नमस्कार.

तुम्ही फोनवर दोन वाक्यांच्या वर बोलत नाही आणि तुमच्या वायरिंगच्या दुकानात यावं तर तुमच्यासमोर रिक्षांची रांग असते, म्हणून हे लिहितेय. चारचौघांत लिहितेय ते मुद्दाम. तुमच्याआधी आमच्या पद्मिनी गाडीवर ज्यांनी हात साफ करून घेतले, त्यांच्याही वाचनात यावं.

आईची गाडी १९७६ची प्रीमियर पद्मिनी, लोकांच्या तोंडी फियाटच. त्या काळी प्रीमियरची गाडी हवी असेल तर नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागे. आजोबांनी लावलेला नंबर आला तेव्हा आई नुकतीच शाळेत शिकवायला लागली होती. स्टिअरिंगपाशी गिअर, १०८९ सीसीचं इंजिन, कुर्ल्याच्या कारखान्यातला जाड पत्रा. ती याच गाडीवर शिकली आणि आजही तीच चालवते. तरी ज्या ज्या गॅरेजात गेलो तिथे पहिला प्रश्न ठरलेला: "साहेब नाही आले?"

साहेब म्हणजे माझा नवरा. त्याला बॉनेट कुठून उघडतं तेही माहीत नाही.

दुखणं तुम्हाला सांगायला नको, पण वाचणाऱ्यांसाठी सांगते. बॅटरी अक्षरशः उकळायची. पाणी भरावं तर थोड्याच दिवसांत आतल्या प्लेटा उघड्या. झाकणांवर कायम ओल, खालच्या पत्र्याचा रंग ॲसिडने खाल्लेला. रात्री ॲक्सिलरेटर दाबला की हेडलाइट भगभगायचे आणि मग एखादा बल्ब जायचा. डॅशबोर्डवरचा लाल दिवा मात्र गप्प. तो चार्जिंग बंद पडलं तरच लागतो, जास्त झालं तर त्याला काही देणंघेणं नाही.

यावर आम्हाला काय काय ऐकायला मिळालं! एकाने बॅटरीच खराब म्हणून नवी विकली, तीही फुगली. दुसऱ्याने कटआऊट, म्हणजे बॅटरीला किती चार्जिंग द्यायचं ते ठरवणारा डबा, बदलला, जुना माझ्या हातात दिला आणि फरक पडला नाही तेव्हा "जुन्या गाड्यांचं असंच असतं" म्हणून मोकळा झाला. तिसऱ्याला बॅटरी चार्ज करणारा डायनामो काढून त्याच कामाचा नव्या पद्धतीचा अल्टरनेटर बसवायचा होता, त्याचा आकडा त्याने माझ्या नवऱ्याला फोन करून सांगितला. आणि एक महाशय उकळत्या बॅटरीवर वाकून सिगारेट पेटवायला निघाले होते. त्या बुडबुड्यांतून हायड्रोजन निघतो, ठिणगी पडली तर बॅटरी फुटते, हे मी त्यांना सांगितलं तेव्हा ते हसले. आईने मात्र त्यांच्या हातातली काडेपेटी काढून घेतली. पस्तीस वर्षं सातवी-आठवीचे वर्ग सांभाळलेली बाई आहे ती.

मग कुणीतरी नाना पेठेतलं तुमचं दुकान सांगितलं. मुंबईत टॅक्सींचं वायरिंग करून आलेले आहेत, फियाट त्यांना झोपेत कळते म्हणाले. तुम्ही साहेबांची चौकशी केली नाहीत. आईला विचारलंत, "गाडी कोण चालवतं? तुम्ही? मग तुम्हीच बसा, मी सांगतो तेवढा रेस द्या."

काय केलंत ते सगळं मी लिहीत बसत नाही, मला तेवढं कळतही नाही. पण एक गोष्ट मनातून जात नाही. इंजिन चालू होतं, तुम्ही मीटर काढलात, दोन्ही वायरी माझ्या हातात दिल्यात आणि मीटरचं तोंड माझ्याकडे वळवलंत. "ताई, तुम्ही वाचा. मला चष्म्याशिवाय दिसत नाही."

चष्मा तुमच्या खिशातच होता, चाचा. मी पाहिला.

बॅटरीवर १५.८ व्होल्ट. तिथे साधारण चौदाच्या आसपास पाहिजे. मग तुम्ही म्हणालात, आता एक वायर बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरी कटआऊटच्या डब्याला लावा. दोन्ही अर्थच, गाडीच्या पत्र्यातून एकमेकांना जोडलेले, म्हणजे मीटरने जवळजवळ शून्य दाखवायला हवं. दाखवला दीड व्होल्ट. तुम्ही काही न बोलता माझ्याकडे बघत राहिलात, मला कळेपर्यंत. दोन वर्षांपूर्वी रंगकामवाल्याने बॉनेटखालचा पत्राही रंगवला होता आणि कटआऊट त्या जाड रंगावर तसाच आवळला होता. स्क्रूच्या भोकांत गंज. डब्याला धड अर्थच मिळत नव्हता, त्यामुळे बॅटरीत किती व्होल्ट आहेत हे त्याला कायम कमीच कळायचं.

"पंगतीत वाढप्याची नजर अधू असली की त्याला भरलेलं ताट पण रिकामं दिसतं," तुम्ही म्हणालात. "तो वाढतच जाणार. त्यात त्याचा काय गुन्हा?"

आई गाडीत बसून मोठ्याने हसली. बऱ्याच दिवसांनी.

रंग खरवडला, टोकाला लग, म्हणजे धातूची कडी, लावलेली एक जाड वायर थेट बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत नेलीत. आणि डिकीत पडलेला जुना कटआऊट मागून घेतलात, तपासलात, तोच परत बसवलात. तो पहिल्यापासून ठणठणीत होता! मीटर पुन्हा मीच वाचला: १४.३. पैसे तुम्ही मोजून घेतलेत, मेहनतीचे आणि वायरीचे वेगळे सांगून. तेही मला आवडलं.

पुण्यात हुशार कारागीर कमी नाहीत. पण आपल्याला दिसतंय ते समोरच्यालाही दिसू द्यावं, एवढा दिलदारपणा कुठे भेटतो? बँकेतला माणूस स्क्रीन आपल्याकडे वळवत नाही. डॉक्टर रिपोर्ट स्वतःशीच वाचतात आणि गोळ्या लिहितात. सोसायटीचा हिशेब मागितला तर सेक्रेटरींना अपमान वाटतो. माहिती दडवली की मान मिळतो अशी एक समजूत आहे, आणि तुमच्या दुकानात तिचा मागमूस नाही. तिथला पोऱ्यासुद्धा ग्राहकाला काढलेला भाग दाखवून मगच बाजूला ठेवतो. हे त्याला कुणी शिकवलं ते विचारायला नको.

मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ला बंद झाली, त्या दिवसाचा विषय निघाला तेव्हा तुम्ही म्हणालात, "टॅक्सी गेली म्हणून वायरिंग विसरायचं का?" विसरू नका. त्या पोऱ्यालाही नीट शिकवा, आईचा अजून बरीच वर्षं गाडी चालवायचा बेत आहे.

वायपर मध्येच थांबतोय. दिवाळीचा फराळ द्यायला येऊ तेव्हा तोही दाखवते. मीटर तयार ठेवा, यावेळी आईला वाचायचाय. तिने चष्म्याचा नंबरही बदलून घेतलाय.

तुमची,
फियाटवाली ताई