मंत्रिमहोदय, खांब आहे, पाटी कुठंय?

मा. मंत्रिमहोदय,
स. न. वि. वि.

वर खात्याचं नाव मुद्दामच घातलेलं नाही. रतनगड किल्ला आणि त्यावरून साम्रद गावात उतरणारी पायवाट नक्की कुणाच्या अखत्यारीत येते हे विचारत मी अंथरुणातून फोन करतेय, आणि जो तो शेजारच्या कचेरीचा नंबर देतोय. तेव्हा हे पत्र ज्यांच्या टेबलावर पडेल त्यांनी ते आपलंच समजावं.

मी संगमनेरची. डिसेंबरात आम्ही काही जण रतनगडाचा फेरा करायला गेलो होतो. रतनवाडीत अमृतेश्वराला नमस्कार करून शिड्यांच्या वाटेनं वर चढायचं, नेढ्यात, म्हणजे कातळातल्या आरपार भोकात, बसून भंडारदऱ्याचं पाणी बघायचं, त्र्यंबक दरवाज्यानं पलीकडं उतरून साम्रद गाठायचं, सांदणच्या घळीत थोडं डोकावायचं आणि जीपनं जलाशयाच्या काठाकाठानं परत रतनवाडी. चालायची सवय असलेल्याला झेपेल असा दिवसभराचा फेरा. नाक्यावर माणशी पैसे भरले, गाडीचे वेगळे. पावती जपून ठेवली आहे.

त्र्यंबक दरवाज्याखालच्या कातळातल्या पायऱ्या जागोजागी तुटल्यात, पण त्या आम्ही बसत-सरकत उतरलो. खाली रानात वाट फुटते. एक साम्रदला जाते, दुसरी डोंगराच्या कडेनं फिरून परत रतनवाडीकडं. त्या फाट्यावर लोखंडी खांब आहे. सिमेंटात पक्का रोवलेला. वर दोन भोकं, त्यांत गंजलेले बोल्ट. पाटी नाही! आम्ही जी वाट धरली ती पुढं गुरांची निघाली आणि घसाऱ्यावर पसरलेल्या पाचोळ्यावरून माझा पाय सुटला. उजव्या घोट्याची दोन्ही हाडं गेली.

साहेब, ही पाटी बसवण्याबद्दल मी मागंच लेखी अर्ज दिला होता. ‘पावसाळ्यानंतर काम हाती घेण्यात येईल’ असं सहीशिक्क्याचं उत्तरही आलं. पावसाळा संपला. कोणत्या सालचा, तेवढं विचारायचं राहून गेलं.

मोबाइलला रेंज नव्हती. बरोबरचा एक मुलगा पळत साम्रदला गेला आणि गावातले चौघे जण घोंगडी अन् बांबू घेऊन आले. झोळी करून त्यांनी मला खाली आणलं. दगड आला की पुढचा मागच्याला ‘उजवीकडं घे, मावशीचा पाय लागंल’ असं सांगायचा. तुमच्या अख्ख्या यंत्रणेतून माझ्या पायाची एवढी काळजी आजवर कुणी केलेली नाही. पुढच्या दवाखान्यात एक्स-रेचं मशीन होतं, चालवणारा रजेवर होता. त्याच्या पुढच्यात प्लास्टर संपलं होतं. शेवटी नाशिकला रात्री उशिरा पाय टेबलावर गेला. आता आत पट्टी आहे, स्क्रू आहेत, वॉकर आहे, आणि नवऱ्याच्या हातची मुगाची खिचडी आहे, सकाळी आणि संध्याकाळी. बिल लाखाच्या घरात. विमा कंपनी विचारते, अपघात झाला ते ठिकाण ‘अधिकृत’ होतं का? त्यांना मी पावतीचा फोटो पाठवला. म्हणे, त्यावर पायवाटेचा उल्लेख नाही.

एका रविवारी तिथं दोनशे गाड्या तरी सहज येतात. नाक्यावरचा पोरगा चारशे म्हणाला. मे-जूनमध्ये काजवे बघायला तर नुसती जत्रा. एका गाडीचे शंभर-दोनशे धरा आणि वर्षाचा हिशेब तुम्हीच मांडा. माझा नुसत्या रविवारांचाच दहा ते चाळीस लाखांत जातो. चुकला असेल तर खरा आकडा जाहीर करा, मी सपशेल माफी मागीन. त्यातून एक पत्र्याची पाटी, दोन स्ट्रेचर आणि गावातल्या दहा पोरांना प्रथमोपचाराचं प्रशिक्षण एवढं निघत नसेल, तर पैसा जातो कुठं? स्वागताचे फ्लेक्स मात्र फाटले की दुसऱ्या दिवशी नवे लागतात. त्यांवर चेहरेही ठळक असतात. त्यातलाच एखादा चेहरा खांबाला लावून खाली बाण काढला असता तरी मला चाललं असतं.

पाटीवरून एवढं कशाला, असं तुमचे स्वीय सहायक म्हणतील. पण पाटी हा नमुना आहे हो. भंडारदऱ्याचं धरण 1926 साली पुरं झालं. अकरा टीएमसीच्या आसपास पाणी तिथं अडतं. त्यावर खालचा ऊस पोसला, कारखाने उभे राहिले, आमच्या संगमनेरच्या नळाला येते तीही ह्याच धरणाची प्रवरा नदी. आणि ज्यांच्या जमिनी बुडवून हे पाणी साठवलं त्यांच्या वाड्यावस्त्यांवरच्या बाया मे महिन्यात हंडा डोक्यावर घेऊन चालताना मी डोळ्यांनी पाहिल्यात. पलीकडं घाटघरला 250 मेगावॅटचा वीजप्रकल्प आहे, आणि बाईचा पाय मोडला तर साधा फोन लागत नाही. पाणी खाली न्यायला इंजिनिअर मिळतात, वीज न्यायला मनोरे उभे राहतात, पैसे न्यायला नाका आहे. वर न्यायचं म्हटलं की सगळे नियम आडवे येतात. अभयारण्य आहे, परवानगी नाही, खर्च टाकायला लेखाशीर्ष नाही. मग फ्लेक्सला कुठलं लेखाशीर्ष लागतं?

त्या चौघांनी पैसे घेतले नाहीत. एकाचा त्या दिवसाचा गाइडचा धंदा बुडाला. सांदणला नेणारी पार्टी त्यानं माझ्यासाठी सोडली होती. माझ्या पायाची भरपाई तुम्ही देणार नाही हे मला ठाऊक आहे, मागतही नाही. पण त्या चौघांची दिवसभराची मजुरी सरकारी तिजोरीतून द्या, रोख आणि त्यांच्या गावात जाऊन. जाताना गाडी साम्रदपर्यंत जाईल, तिथून फाट्यापर्यंत मात्र चालावं लागेल. पाटी आणि दोन नवे बोल्ट बरोबर घ्या. पाना साम्रदमध्ये कुणाकडंही मिळेल.

कळावे,
एक पावतीधारक
संगमनेर