अभ्यासिकेतील ताई, मेसच्या मावशी आणि एका समुपदेशकांचे आभार

राज्यसेवा मुख्य परीक्षा 2025 पासून वर्णनात्मक झाली, तेव्हा नऊ प्रश्नपत्रिका आणि 1750 गुणांचा तो पसारा पाहून, बहुपर्यायी प्रश्नांवर पोसलेला माझा आत्मविश्वास पार ढासळला आणि हे आपल्याच्याने होणार नाही, या विचाराने पुस्तक उघडणेही नकोसे झाले. त्या काळात पुण्यातील सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत शेजारी बसणाऱ्या ताईंनी माझा निबंध वाचून, केवळ पहिल्या परिच्छेदाखाली पेन्सिलीने रेघ मारली आणि 'आज एवढंच पुन्हा लिही' असे सांगितले; उरलेल्या अभ्यासक्रमाचा त्यांनी विषयही काढला नाही, हे मला आजही मोठे शहाणपण वाटते. मेसच्या मावशींनी पैसे थकले असतानाही डबा थांबवला नाही. झोप उडाली तेव्हा टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या निःशुल्क क्रमांकावर मराठीतून बोलणाऱ्या समुपदेशकांनी उपदेश न करता (हे विशेष, कारण उपदेश घरी मुबलक मिळतो) सगळे ऐकून घेतले आणि गरज भासल्यास मानसोपचारतज्ज्ञांना कुठे भेटता येईल, तेही सांगितले. यांपैकी कोणालाही आपले नाव जाहीर झालेले आवडणार नाही, म्हणून ते टाळतो. परंतु या सर्वांचा मी मनःपूर्वक ऋणी आहे.