भीमबेटका म्हणजे लेणी नव्हेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला मध्य प्रदेशातल्या भीमबेटकावरचा लेख वाचला. लेख आवडला, पण शीर्षकातला 'लेणी' हा शब्द खटकला. लेणी माणूस छिन्नी-हातोड्याने कोरून काढतो. भीमबेटकाचे आडोसे कोणी कोरलेले नाहीत. ऊन-वारा-पाण्याने वालुकाश्म झिजत गेला, वर छप्पर शिल्लक राहिलं आणि माणसाला आयती सावली मिळाली. मराठीत याला 'शैलाश्रय' असा नेमका शब्द आहे.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. अख्खा लेख चित्रांवर आहे. चित्रं अप्रतिम आहेतच, पण तिथली सर्वांत जुनी गोष्ट भिंतीवर नाही, पायाखाली आहे. 'तीन-एफ-२३' या क्रमांकाच्या शैलाश्रयात पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्वज्ञ वीरेंद्र नाथ मिश्र यांनी १९७०च्या दशकात उत्खनन केलं. तळाच्या थरांत क्वार्टझाइट या कठीण दगडाच्या हातकुऱ्हाडी आणि फरश्या (रुंद धारेची हत्यारं) मिळाल्या, शिवाय दगडी चिपा बसवलेली जमीनही. म्हणजे लाखाहून अधिक वर्षांपूर्वी कुणीतरी बसण्या-उठण्यासाठी जागा नीट करून घेतली होती! वरच्या थरांत बोटाच्या पेराएवढी, चकचकीत दगडाची सूक्ष्मास्त्रं आहेत. तो दगड टेकडीवरचा नाही, बाहेरून आणलेला. चित्रं त्यामानाने अगदी अलीकडची. त्यातली सर्वांत जुनीही साधारण दहा हजार वर्षांची, असं बरेच अभ्यासक मानतात.

गेल्या थंडीत मी तिथे गेले होते. बाहेर ऊन रणरणत होतं आणि खडकाखाली पाऊल टाकताच पाठीला गारवा लागला. तिथे राहावंसं का वाटलं असेल, हे तेव्हा उमगलं. शेजारचं कुटुंब मात्र चित्रांसोबत फोटो काढून दोन मिनिटांत पुढे गेलं. खाली पाहायचं असतं, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

१९५७ साली आगगाडीतून जाताना या टेकड्या हेरून तिथवर चालत गेलेले आणि हे ठिकाण उजेडात आणणारे पुरातत्त्वज्ञ विष्णु श्रीधर वाकणकर आपले मराठी. २००३ साली हे ठिकाण जागतिक वारसा यादीत गेलं. म्हणून पुढच्या पुरवणीत शीर्षकाची दुरुस्ती छापावी आणि जमल्यास मिश्रांच्या उत्खननाचे थर दाखवणारी एखादी आकृतीही द्यावी, ही विनंती. सुट्टीत मुलांना घेऊन जाणाऱ्या पालकांना ती हाताशी लागेल.

आपली,
एक निवृत्त भूगोल शिक्षिका, नाशिक