रॉस स्मिथच्या फलकावर चार नावे हवीत: नागरी हवाई वाहतूक मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. केंद्रीय नागरी हवाई वाहतूक मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

विषय: रॉस स्मिथ आणि सहकाऱ्यांच्या १९१८ व १९१९ च्या उड्डाणांबद्दल दिल्ली, प्रयागराज आणि कोलकाता येथे माहितीफलक लावण्याबाबत

मा. मंत्रीमहोदय,
सविनय नमस्कार.

इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाला विमानाने पहिल्यांदा पोहोचलेले चौघे नोव्हेंबर १९१९ मध्ये कराची, दिल्ली, अलाहाबाद आणि कलकत्ता या वाटेने गेले. त्यांच्या विकर्स व्हिमी विमानाचा वैमानिक कॅप्टन रॉस स्मिथ होता. दिल्ली, प्रयागराज आणि कोलकात्याच्या विमानतळांवर या उड्डाणाचे फलक लागावेत, आणि त्यावरचा मजकूर नेमका असावा, एवढ्यासाठी हे पत्र. फलक लावणे सोपे आहे. मजकुराचे मात्र तसे नाही. रॉस स्मिथबद्दल 'धाडसी वैमानिक' एवढे दोन शब्द लिहून मोकळे होण्याची सवय सगळीकडे आहे, आणि त्या दोन शब्दांत त्याची खरी लष्करी कारकीर्द गडप होते.

तो आधी घोडदळातला शिपाई होता. जन्म १८९२ चा, ॲडलेडजवळच्या सेमाफोरचा. ऑगस्ट १९१४ मध्ये युद्ध सुरू होताच तो तिसऱ्या लाइट हॉर्स रेजिमेंटमध्ये भरती झाला. लाइट हॉर्सचे लोक घोड्यावरून जायचे, पण लढायचे जमिनीवर उतरून. चौघांची एक टोळी असे. लढाई सुरू झाली की एकजण चारही घोडे धरून मागे थांबायचा आणि तिघे रायफली घेऊन पुढे जायचे. म्हणजे बंदुकांची संख्या तिथेच एक चतुर्थांशाने कमी. मे १९१५ मध्ये ही रेजिमेंट तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीला, तुर्कांविरुद्ध लढायला, उतरली ती घोडे इजिप्तमध्ये ठेवून, साधे पायदळ म्हणून. स्मिथ तिथे सार्जंटचा अधिकारी झाला, आजारी पडला आणि ऑक्टोबरमध्ये त्याला इंग्लंडला पाठवावे लागले. १९१६ मध्ये तो परतला आणि ऑगस्टमध्ये सिनाईतल्या रोमानीच्या लढाईत मशिनगन तुकडीत होता. विमानाशी संबंध आला तो त्यानंतर, ऑक्टोबर १९१६ मध्ये, ऑस्ट्रेलियन फ्लाइंग कोअरच्या पहिल्या स्क्वाड्रनसाठी त्याने नाव दिले तेव्हा.

तिथेही तो एकदम वैमानिक झाला नाही. आधी ऑब्झर्व्हर झाला. ऑब्झर्व्हरचे काम म्हणजे नकाशा, कॅमेरा आणि लुईस मशिनगन. वाळवंटात हे काम भारी अवघड, कारण खुणेला ना गाव ना ओढा. वादींच्या, म्हणजे वाळवंटातल्या नाल्यांच्या, कोरड्या पात्रांवरून आणि रेल्वेच्या रुळांवरून जागा ओळखावी लागे. रोमानीला मशिनगनवर हात बसलेला आणि महिनोन् महिने हाच मुलूख घोड्यावरून पाहिलेला माणूस या कामाला नेमका उपयोगी पडला. १९१७ च्या वसंतात शत्रूच्या मुलखात उतरावे लागलेल्या एका अधिकाऱ्याला उचलण्यासाठी त्याच्या वैमानिकाने विमान खाली उतरवले, तेव्हा स्मिथने नुसत्या रिव्हॉल्व्हरच्या जोरावर शत्रूला लांब ठेवले. मिलिटरी क्रॉस हे शौर्यपदक त्याला पहिल्यांदा मिळाले ते या कामगिरीसाठी, म्हणजे वैमानिक होण्याच्या आधीच.

१९१७ च्या मध्यावर तो वैमानिक झाला. १९१८ च्या आरंभी स्क्वाड्रनला ब्रिस्टल फायटर मिळाले आणि त्याची लढाऊ वैमानिक म्हणून खरी कारकीर्द सुरू झाली. फलकाच्या मजकुरात सगळ्यात जास्त चुका होतात त्या इथेच, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

ब्रिस्टल फायटर दोन आसनी होते. इंजिन रोल्स-रॉइस फाल्कन. वैमानिकापुढे एक व्हिकर्स मशिनगन, ती फिरत्या पंख्याच्या पात्यांमधून गोळ्या झाडायची. मागे ऑब्झर्व्हरकडे गोल कड्यावर फिरणारी एक किंवा दोन लुईस. पंख्याच्या पात्याला गोळी लागू नये यासाठी इंजिनाला जोडलेली कॉन्स्टँटिनेस्को यंत्रणा असे. ती नळीतल्या तेलाच्या दाबाच्या ठोक्यांवर चालायची आणि तो दाब वैमानिक हाताने दांडा ओढून भरायचा. नळीत हवा शिरली किंवा जोडातून तेल झिरपले की ठोका उशिरा पोहोचतो. मग बंदूक झडत नाही, किंवा त्याहून वाईट म्हणजे गोळी आपल्याच पंख्यात जाते. मागच्या लुईसच्या ड्रममध्ये ९७ गोळ्या असत. बोट दाबून धरले तर दहा-अकरा सेकंदांत ड्रम रिकामा, आणि नवा बसवायचा तो उघड्या वाऱ्यात, वैमानिक विमान तिरके फेकत असताना. यात पॅलेस्टाइनची धूळ धरा. तेलाच्या हातावर, गोळ्यांच्या पट्ट्यावर, बंदुकीच्या बोल्टवर ती बसतेच. म्हणून प्रत्येक पट्ट्यातली प्रत्येक गोळी उड्डाणाआधी तपासून भरणे हे जमिनीवरच्या माणसांचे रोजचे काम होते.

याच विमानाची सुरुवात फ्रान्समध्ये फार वाईट झाली होती. एप्रिल १९१७ मध्ये पहिल्याच मोहिमेवर गेलेल्या सहा ब्रिस्टलपैकी चार जर्मन वैमानिक रिश्टोफेनच्या तुकडीने पाडली. विमानात खोट नव्हती, वापरण्याची पद्धत चुकली होती: वैमानिक सरळ रांगेत उडत राहिले आणि लढायचे काम मागच्या ऑब्झर्व्हरवर टाकले. नंतर पद्धत उलटली. वैमानिकाने एकट्याच्या विमानासारखी झडप घालायची, पुढची व्हिकर्स हेच मुख्य हत्यार, आणि ऑब्झर्व्हरने पाठ राखायची. पॅलेस्टाइनमध्ये ब्रिस्टल आले तोवर हा धडा तयार होता. ऑब्झर्व्हरच्या जागेवर स्वतः बसलेला असल्यामुळे मागच्या माणसाला कुठल्या वळणावर नेम मिळतो आणि कुठल्या वळणावर तो नुसता कडा धरून बसतो, हे स्मिथला ठाऊक होते. आमच्या मते त्याच्या यशाचे मोठे कारण हेच.

त्याच्या नावावर ११ हवाई विजय आहेत. मंत्रीमहोदय, 'अकरा विमाने पाडली' असे कृपया लिहू नये. त्या काळच्या हिशेबात नष्ट झालेले, ताबा सुटून खाली गेलेले आणि जबरीने उतरायला लावलेले विमानही विजयात धरले जाई. आणि दोन आसनी विमानातला विजय दोघांचा असतो. त्याच्यामागे मस्टर्डसारखे ऑब्झर्व्हर होते, त्यांचा उल्लेख यायला हवा. युद्ध संपेपर्यंत त्याला दोनदा मिलिटरी क्रॉस आणि तीनदा डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस मिळाला.

ऑगस्ट १९१८ नंतर त्याच्या हाती दिले गेले हँडली पेज ओ/४००: शंभर फूट पंखविस्ताराचे, दोन इंजिनांचे बॉम्बफेकी विमान, मध्यपूर्वेत त्या जातीचे एकमेव. १९ सप्टेंबरला मेगिद्दोची लढाई सुरू होण्यापूर्वी, रात्रीच्या अंधारात त्याने त्यातून ११२ पौंडांचे १६ बॉम्ब पॅलेस्टाइनमधल्या अल-अफुलेवर टाकले. रेल्वेचा सांधा आणि मध्यवर्ती टेलिफोन केंद्र तिथे होते. सकाळी तुर्की सैन्याचे वरिष्ठ आपल्याच फौजांशी बोलू शकत नव्हते. त्याच आठवड्यात ब्रिटिश अधिकारी लॉरेन्स ('लॉरेन्स ऑफ अरेबिया') याच्याबरोबरच्या अरब फौजेजवळ तळ टाकलेल्या ब्रिस्टल विमानांसाठी त्याने याच विमानातून सुमारे टनभर पेट्रोल आणि सामान वाळवंटात नेऊन उतरवले. लढाऊ वैमानिकाची कारकीर्द म्हटली की हा भाग कुणी सांगत नाही, पण पुढच्या लांब उड्डाणाची तयारी इथे झाली: जड विमान, अनोळखी जमीन, जवळ कार्यशाळा नाही.

आता भारत. स्मिथ भारतात पहिल्यांदा १९१९ मध्ये विमानाने आला, असे लिहिले जाते. ते चूक आहे. याच हँडली पेजने, मेजर जनरल सॅमंड आणि ब्रिगेडियर जनरल बॉर्टन यांना घेऊन, तो नोव्हेंबर १९१८ च्या अखेरीस कैरोहून निघाला आणि डिसेंबरमध्ये कलकत्त्याला पोहोचला. इजिप्तहून भारतात झालेले ते पहिले उड्डाण. बरोबर जिम बेनेट आणि वॉली शायर्स हे मेकॅनिक होते. त्यानंतर बॉर्टन आणि स्मिथ कलकत्त्याहून बोटीने ब्रह्मदेश, सयाम (आजचे थायलंड), मलाया ते तिमोरपर्यंत उतरण्याजोगी मैदाने शोधत फिरले. वर्षभराने व्हिमी जिथे जिथे उतरले, त्यांतल्या बऱ्याच जागा त्याने आधीच पायाखाली घातल्या होत्या.

इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाला पहिल्यांदा उडत येणाऱ्यांसाठी ऑस्ट्रेलिया सरकारने दहा हजार पौंडांचे बक्षीस लावले: सगळे ऑस्ट्रेलियन, ब्रिटिश विमान, ३० दिवसांच्या आत. १२ नोव्हेंबर १९१९ ला लंडनजवळचे हाउन्स्लो सोडले, १० डिसेंबरला डार्विन गाठले. २७ दिवस २० तास, सुमारे १८,००० किलोमीटर. वैमानिक रॉस, दिशादर्शक त्याचा भाऊ कीथ, मेकॅनिक तेच दोघे, सार्जंट बेनेट आणि सार्जंट शायर्स. बक्षिसाची रक्कम चौघांनी सारखी वाटून घेतली. पण 'सर' ही पदवी फक्त दोघा भावांना मिळाली आणि पुढच्या कित्येक मजकुरांत 'स्मिथ बंधूंचे उड्डाण' एवढेच उरले. आमचा आग्रह आहे तो इथे: फलकावर चार नावे, एकाच आकाराच्या अक्षरांत.

कारण विमान पोहोचले ते मेकॅनिकांमुळे. वाटेत एका इंजिनाची इंडक्शन पाइप, म्हणजे हवा-पेट्रोलचे मिश्रण सिलिंडरांत नेणारी नळी, गळायला लागली. तिथून बाहेरची हवा आत ओढली गेली की मिश्रण पातळ होते, सिलिंडर तापतात, इंजिन चुकते. सुटा भाग नव्हता. त्यांनी च्युइंगम चावून मऊ केला, फटीत दाबला आणि वरून चिकटपट्टी गुंडाळली. सयाममधल्या सिंगोराला झाडांच्या खुंटांनी भरलेल्या मैदानावर उतरताना शेपटाचा स्किड, म्हणजे शेपटाखालचा जमिनीवर घासणारा टेकू, मोडला. बेनेटने एका भातगिरणीतल्या लेथवर पोलादी दांडा कातून नवा भाग बसवला. सिंगापूरला उतरायची जागा म्हणजे रेसकोर्स, या विमानाला तोकडा. चाकांना ब्रेक नाहीत. थांबायचे तर शेपूट लवकर जमिनीला टेकवायचे आणि स्किड घासू द्यायचा. विमान खाली येत असतानाच बेनेट कॉकपिटमधून बाहेर निघून पाठीवरून सरपटत शेपटापर्यंत गेला, त्याच्या वजनाने शेपूट बसले आणि विमान शंभरेक यार्डांत थांबले. सुराबायाला चाके चिखलात रुतली तेव्हा गावकऱ्यांच्या घराघरांतून बांबूच्या चटया गोळा करून धावपट्टी अंथरावी लागली.

भारतातल्या दोन गोष्टी फलकावर याव्यात. अलाहाबादला उड्डाणाच्या तयारीत असताना एक वळू मैदानात शिरला आणि विमानासमोर ठाकला. त्याला हुसकून लावल्यावरच निघता आले. कलकत्त्यालाही मैदान रेसकोर्सचेच. तिथून पूर्ण भरलेले विमान जेमतेम वर चढत असताना घारी आडव्या आल्या. एक पंखाला धडकली, दुसरी प्रोपेलरच्या तडाख्यात सापडली. लाकडी प्रोपेलरचे पाते तडकले असते तर कंपनाने इंजिन बैठकीवरून सुटायला वेळ लागला नसता, आणि पुढे झाडे होती. विमानतळाभोवती कत्तल आणि उघडा कचरा नको, कारण त्यावर घारी येतात, हा आपल्या खात्याचा नियम आहे. तो कशासाठी, हे या प्रसंगातून शाळकरी मुलालाही कळेल.

मराठी माणसाने यात का पडावे, असे कुणी विचारील. ऑस्ट्रेलियाचे हवाई दल पहिल्यांदा लढायला गेले तेच भारत सरकारच्या मागणीवरून. १९१५ मध्ये कॅप्टन पेट्रेच्या नेतृत्वाखालची 'हाफ फ्लाइट' ही छोटी तुकडी मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) पाठवली गेली. पेट्रे आणि त्याचे साथीदार मुंबईमार्गे बसऱ्याला पोहोचले. तिथे ज्या सैन्यासाठी ते टेहळणी करत होते, ते होते सहावे पुणे डिव्हिजन, आणि त्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. २९ एप्रिल १९१६ ला तिथले कूत हे शहर तुर्कांच्या हाती पडले तेव्हा मराठा शिपायांबरोबर ऑस्ट्रेलियन मेकॅनिकही कैदेत गेले. त्या नऊ मेकॅनिकांपैकी दोघेच वाचले.

रॉस स्मिथ आणि बेनेट १३ एप्रिल १९२२ ला इंग्लंडमध्ये ब्रूकलंड्सला विकर्स वायकिंग हे जलस्थल विमान तपासताना ते गरगरत कोसळल्याने मरण पावले. स्मिथ २९ वर्षांचा होता. त्यांचे व्हिमी आज ॲडलेडच्या विमानतळावर जपून ठेवले आहे आणि प्रवाशांना बघता येते.

आमच्या मागण्या अशा. दिल्ली, प्रयागराज आणि कोलकाता विमानतळांवर, प्रवासी थांबतात अशा जागी, हिंदी, इंग्रजी आणि स्थानिक भाषेत फलक लावावा. कोलकात्याचे मैदान लष्कराच्या अखत्यारीत येते, म्हणून रेसकोर्सजवळच्या फलकासाठी आपण संरक्षण मंत्रालयाला पत्र द्यावे. मजकुरात १९१८ आणि १९१९ ही दोन्ही उड्डाणे, घोडदळ ते ऑब्झर्व्हर ते वैमानिक हा क्रम, आणि चारही नावे असावीत. शक्य झाल्यास शेपटाच्या स्किडची आणि इंडक्शन पाइपची साधी रेखाचित्रे जोडावीत. विमान देखभालीचे शिक्षण घेणाऱ्या मुलांना ती बघूनच अर्ध्या गोष्टी समजतील. मजकुराचा मसुदा आणि रेखाचित्रे आम्ही विनामूल्य करून देऊ, आपल्या खात्याच्या तज्ज्ञांनी ती तपासून घ्यावीत.

आपले,
विमान देखभाल क्षेत्रातले काही निवृत्त तंत्रज्ञ आणि हवाई इतिहासाचे अभ्यासक,
पुणे व नाशिक