जुने फोटो रोल भंगारात देऊ नका

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

दिवाळी तोंडावर आलीय, घरोघरी माळे झाडायला काढलेत आणि त्या पसाऱ्याबरोबर जुने कॅमेरे, रोलच्या डब्या, निगेटिव्हच्या पिशव्या सगळं भंगारवाल्याच्या गाड्यावर चाललंय, म्हणून हे पत्र घाईनं लिहितोय. सोलापूरकरांना हात जोडून विनंती आहे, न धुतलेला रोल, म्हणजे केमिकलमध्ये घालून ज्यातले फोटो अजून उमटवलेले नाहीत असा, सापडला तर तो फेकू नका आणि उघडून पण बघू नका. ‘तारीख उलटून वीस-तीस वर्षं झाली, आता काय राहिलंय त्यात’ हे वाक्य मी घरात ऐकतो, दुकानात ऐकतो, आणि ज्यांनी अर्धं आयुष्य डार्करूममध्ये घालवलं त्या स्टुडिओवाल्या काकांकडूनसुद्धा ऐकतो तेव्हा लई वाईट वाटतं. डबीवरची तारीख ही कंपनीची हमी असते, की इथपर्यंत नीट ठेवलात तर स्पीड (म्हणजे रोल किती कमी उजेडात काम करतो ते, आकडा मोठा तेवढा स्पीड जास्त), रंग, कॉन्ट्रास्ट आम्ही सांगितलाय तसा मिळेल. त्यानंतर रोल हळूहळू उतरत जातो, एका रात्रीत मरत नाही.

उतरतो म्हणजे काय होतं ते सांगतो. फिल्मवर जिलेटिनचा थर असतो, त्यात चांदीच्या क्षारांचे बारीक कण असतात. कॅमेऱ्याचं बटन दाबलं आणि उजेड आत गेला की त्या कणावर चांदीचे अगदी मोजके अणू जमतात, आपल्याला काहीच दिसत नाही, पण डेव्हलपर, म्हणजे फोटो उमटवणारं केमिकल, तेवढी खूण धरतो आणि तो कण अख्खा काळा करतो. वय झालं की ज्या कणांवर उजेड पडलेलाच नाही तेही आपसूक काळे व्हायला लागतात, ह्यालाच फॉग म्हणायचं, आणि मग सगळ्या निगेटिव्हवर राखाडी पडदा धरल्यासारखं होतं. उष्णता, दमटपणा आणि जमिनीतून-आकाशातून सतत येणारा थोडा थोडा किरणोत्सर्ग ही त्याची कारणं. जास्त स्पीडचा रोल लवकर उतरतो, 400 चा 100 च्या आधी, आणि कमी स्पीडचा ब्लॅक अँड व्हाइट सगळ्यात चिवट. रंगीत रोलात तर रंगांचे तीन थर वेगवेगळ्या वेगानं उतरतात म्हणून फोटो कधी हिरवट कधी जांभळट येतो.

आता आपल्याकडं मे महिन्यात पारा 42-43 ला जातो, आणि पत्र्याखालच्या माळ्यावर त्याच्याहून जास्त. म्हणून माळ्यावर सापडलेला रोल आणि जुन्या वाड्यात जाड भिंतीतल्या कोनाड्यात किंवा गोदरेजच्या कपाटात खालच्या कप्प्यात सापडलेला रोल, दोन्हीवर एकच वर्ष छापलेलं असलं तरी दोन्ही सारखे नसतात. मी आधी विचारतो कुठं सापडला, वर्ष नंतर.

एक उदाहरण देतो. पूर्व भागातल्या एका बंद झालेल्या स्टुडिओच्या मालकांनी मला जुना क्लिक थ्री दिला, बडोद्याला बनायचा तो आग्फाचा साधा कॅमेरा, एका रोलवर बारा चौकोनी फोटो निघायचे. पाठीमागच्या लाल खिडकीतून आकडा दिसत होता म्हणजे आत रोल होता आणि पूर्ण फिरवलेला नव्हता. अंधारात काढला तर ऑर्वोचा एनपी 22 निघाला, पूर्व जर्मनीतल्या वोल्फेनचा, एकेकाळी आपल्याकडं घरोघरी हेच रोल किंवा ऊटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचे इंदू असायचे. धुऊन ट्यूबलाइटसमोर धरला तर पहिल्यांदा नुसतं राखाडी दिसलं, मग डोळा सरावला तसं कळलं की गल्लीत आडव्या बांबूंवर रंगवलेलं सूत वाळत घातलंय, त्याच्या मागं दारात एक बाई उभी आहे, आणि वर आभाळात 7 हा आकडा आणि गोल ठिपके उमटलेत. ते आकडे रोलच्या मागच्या काळ्या कागदावर छापलेले असतात, कागद आणि फिल्म वर्षानुवर्षं चिकटून राहिले की त्याची छाप फिल्मवर येते, त्याला इलाज नाही. पण मालकांनी ती बाई ओळखली. त्यांची आत्या. तिचा दुसरा एकही फोटो घरात नव्हता.

हे मी भावनेच्या भरात सांगत नाहीय. 1897 साली स्वीडनचा सॉलोमन आंद्रे आणि त्याचे दोन सोबती बलूनमधून उत्तर ध्रुवाकडं निघाले आणि परत आलेच नाहीत. 1930 मध्ये एका बर्फाळ बेटावर त्यांचे अवशेष सापडले आणि सोबत निल्स स्ट्रिंडबर्गनं काढलेले न धुतलेले रोल सापडले. स्टॉकहोममध्ये जॉन हर्टझबर्गनं ते जपून धुतले आणि 33 वर्षांनी त्यातून 93 फोटो वाचले, बर्फावर पडलेलं बलून आणि त्याच्याकडं बघत उभी असलेली माणसं जगानं पाहिली. तिथं थंडी होती आणि इथं ऊन आहे हे कबूल, म्हणून तर जे उरलंय ते अजून एक उन्हाळा तसंच ठेवू नये असं मला वाटतं.

आता धुण्याबद्दल. पहिली गोष्ट, आधीच फोटो काढून ठेवलेला रंगीत रोल जुना असेल आणि आतले फोटो महत्त्वाचे असतील तर मी रंगाचा हट्ट सोडा म्हणेन. तो ब्लॅक अँड व्हाइटच्या केमिकलमध्ये धुता येतो, निगेटिव्ह नारिंगी-तपकिरी निघते पण चित्र हाती लागण्याची शक्यता जास्त. कोडॅक्रोम हा कोडॅकचा जुना रंगीत रोल सापडला तर दुसरा पर्यायच नाही, त्याची रंगीत प्रोसेस जगातल्या शेवटच्या लॅबनं, अमेरिकेत कॅन्ससमधल्या पार्सन्स गावातल्या, 30 डिसेंबर 2010 नंतर नवे रोल घेणं थांबवून बंद केली.

दुसरी गोष्ट, पाण्याचं तापमान. ब्लॅक अँड व्हाइटला 20 अंश धरतात आणि आपल्या टाकीतलं पाणी उन्हाळ्यात 30 च्या पुढं असतं, त्यात जुनी फिल्म घातली तर फॉग वाढतो आणि जिलेटिन मऊ पडून ओरखडे येतात. म्हणून मी जुने रोल थंडीतच धुतो, आणि तेव्हाही पाणी गार लागलं नाही तर घट्ट बांधलेल्या पिशवीत बर्फ घालून ती पिशवी भांड्यात सोडतो, बर्फ थेट डेव्हलपरमध्ये घालायचा नाही, तो पातळ होतो. डेव्हलपर डी-76 चालतो, एचसी-110 फॉग कमी आणतो म्हणून जुन्या रोलला जास्त बरा. पोटॅशियम ब्रोमाइड किंवा बेन्झोट्रायझोल चिमूटभर घातलं की फॉग दबतो, पण त्यानं स्पीड पण थोडा खाली येतो, तेव्हा ज्या रोलात आधीच फिकट फोटो आहेत त्यात हात आखडता ठेवायचा. सगळा रोल एकदम टाकायचा नाही, अंधारात कडेचा थोडा तुकडा कापून तो आधी धुऊन बघायचा आणि मग वेळ ठरवायची. एका तुकड्यानं पूर्ण रोल वाचतो. आणि हायपोत, म्हणजे उमटलेला फोटो पक्का करणाऱ्या केमिकलमध्ये, फिल्म किती वेळात पारदर्शक होते ते बघून त्याच्या दुप्पट वेळ ठेवायची.

पाण्याची अडचण मला सगळे विचारतात, सोलापुरात नळाला रोज पाणी कुठं येतं, वाहत्या पाण्याखाली अर्धा तास फिल्म कोण धरणार. त्याची गरजच नाही. इलफर्ड कंपनीनं सांगितलेली पद्धत आहे, हायपोनंतर टँक, म्हणजे फिल्म धुवायचा झाकणाचा डबा, पाण्यानं भरायचा आणि 5 वेळा उलटा-सुलटा करून ओतायचा, परत भरून 10 वेळा, परत भरून 20 वेळा, झालं. तीन टँक पाण्यात फिल्म धुऊन निघते. आपलं पाणी जड असल्यानं वाळल्यावर पांढरे डाग पडतात म्हणून शेवटचं एक पाणी डिस्टिल्डचं, बॅटरीच्या दुकानात मिळतं तेच. वाळवायला बाथरूममध्ये आधी गरम पाणी सोडून वाफ करायची, धूळ खाली बसते, मग दार लावून चिमट्याला टांगून ठेवायचं.

हे झालं आधीच फोटो काढलेल्या रोलचं, त्यात पडला तेवढाच उजेड, आपल्या हातात फक्त धुणं. कोऱ्या रोलचं गणित वेगळं आहे. तारीख उलटून दर दहा वर्षांना एक स्टॉप जास्त, म्हणजे दुप्पट, उजेड द्यायचा असा रंगीत निगेटिव्हचा ढोबळ हिशोब आहे, म्हणजे 100 चा रोल वीस वर्षांनी 25 चा समजून वापरायचा. घाबरू नका, आपल्या दुपारच्या लख्ख उन्हात 25 ला एफ 8 वर (लेन्सचं भोक मध्यम उघडं ठेवून) साधारण सेकंदाचा शंभरावा भाग बसतो, हातात धरून निवांत फोटो निघतो. सिद्धेश्वर तलावाच्या काठावर, भुईकोट किल्ल्याच्या बुरुजांवर, उघड्यावर जिथं भरपूर ऊन आहे तिथं काढा. सावलीत आणि संध्याकाळी नको. स्लाइडच्या रोलला (ज्यात निगेटिव्ह न निघता थेट खऱ्या रंगातलं चित्र निघतं) हा नियम लावू नका, त्याला जास्त उजेड सोसत नाही.

आणि इथं माझं मत ठाम आहे, कुणाला राग आला तरी चालेल. आजकाल तरुण पोरं ‘एक्स्पायर्ड लुक’ म्हणून मोठी किंमत मोजून असले रोल मागवतात, त्यांचा उत्साह मला आवडतो, पण विकणारा तो कुठं ठेवला होता हे सांगत नसेल तर घेऊ नका, आणि लग्न, बारसं, घरातल्या म्हाताऱ्या माणसाचा फोटो, असलं परत न येणारं काही त्याच्यावर काढू नका. त्याला ताजा रोल लावा.

माझा जीव खरा अडकलाय तो न धुतलेल्या रोलांत. जुनी मिल, नरसिंग गिरजी, लक्ष्मी-विष्णू या कापड गिरण्यांत काम केलेल्या माणसांच्या घरात, नवी पेठ-बाळीवेसच्या बंद स्टुडिओंत, गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजाच्या मिरवणुकीचे फोटो काढणाऱ्यांच्या पेट्यांत हे रोल पडून आहेत. भंगारवाला ते घेतो चांदीसाठी, फिल्ममधली चांदी काढून घेतात, एका रोलातून मिळणार किती आणि त्याच्यासाठी जाणार काय. शहरातल्या एखाद्या कॉलेजनं किंवा वाचनालयानं एक फ्रिज आणि एक वही एवढं जरी ठेवलं, लोकांनी रोल आणून द्यावा, कुणाचा, कुठं सापडला, अंदाजे कधीचा हे वहीत लिहावं, तरी फार मोठं काम होईल. धुवायला मी आणि माझ्यासारखे दोघं-तिघं आहेत, पैसे नकोत.

तोपर्यंत घरी एवढं करा. कॅमेरा उघडायच्या आधी वरची रोल गुंडाळायची चावी बाणाच्या दिशेनं हलकेच फिरवून बघा, अडली तर आत रोल आहे, मग कॅमेऱ्याच्या तळाचं बटन दाबून पूर्ण गुंडाळून घ्या आणि मगच झाकण उघडा. क्लिक थ्रीसारखा कॅमेरा असेल तर लाल खिडकीत बघा आणि उघडूच नका. रोल हवाबंद डब्यात घालून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, बाहेर काढल्यावर डबा लगेच उघडू नका, दोन-तीन तास जाऊ द्या नाहीतर आत दव धरतं. डब्यावर चिठ्ठी चिकटवा.

साहेब, हे पत्र दिवाळीच्या आधी छापलंत तर बरं होईल, नंतर माळे रिकामे झालेले असतील.

आपला,
एक वाचक, सोलापूर